तिरपा काप

आत्या : थांब, प्लास्टिक मी उचलते. आधी मला नीट बघू दे.

भाची : सगळं उघडू नकोस गं, आतला दमटपणा जाईल.

आत्या : जाऊ दे. डोळ्याचं ऑपरेशन झालं, मातीत जायचं नाही म्हणून डॉक्टरने बजावलं, आणि मी एकवीस दिवस माझ्याच रोपवाटिकेच्या दारात पाहुण्यासारखी खुर्ची टाकून बसले. रोज विचारायचे, काड्या कशा आहेत? तू म्हणायचीस, छान आहेत, आत्या, मस्त आहेत. आज चष्मा मिळाला. नव्या डोळ्याने पहिला बघितला तुझा चेहरा, दुसऱ्या या चाळीस काड्या.

भाची : मग?

आत्या : चेहरा बरा आहे. काड्या शीर्षासन करतायत.

भाची : म्हणजे?

आत्या : म्हणजे उलट्या आहेत. डोकं मातीत, पाय वर. सगळ्या.

भाची : काहीतरीच काय!

आत्या : ये इकडे. हा काडीवरचा डोळा दिसतो? जिथून कोंब फुटतो तो. आणि हा पान गळल्याचा वण. पान खाली असतं आणि डोळा त्याच्या काखेत, वर. इथे वण वर आहे, डोळा खाली. आता सांग.

भाची : ही एखादी असेल चुकून.

आत्या : ही बघ. ही बघ. ही पण. एखादी सुलटी सापडली तर मला दाखव, मी तिची ओटी... जाऊ दे, सापडायची नाही.

भाची : अगं पण मी नीट बघून लावल्या! तिरपा काप मातीत, सरळ काप वर.

आत्या : काय म्हणालीस?

भाची : तिरपा काप मातीत.

आत्या : अगं माझे आई! तिरपा काप वर असतो. पावसाचं, झारीचं पाणी ओघळून जावं म्हणून. खाली सरळ. साठ वर्षं मी अशाच कापते.

भाची : आणि आम्हाला कॉलेजात शिकवलं, तिरपा खाली. जखम मोठी होते, मुळं फुटायला जागा जास्त मिळते, मातीत घुसतेही पटकन.

आत्या : तुझ्या कॉलेजने मला विचारायचं होतं.

भाची : तू तरी मला सांगायचं होतंस!

आत्या : मी काय सांगणार? डोळ्यावर पट्टी, समोर फांद्यांचा ढीग. अंगठ्याने चाचपून चाचपून चाळीस कापल्या, एकही चुकली नाही. आणि तू दोन धडधाकट डोळ्यांनी चाळीसच्या चाळीस उलट्या पुरल्यास. लावताना कानाला फोन होता ना तुझ्या?

भाची : लॅबमधून आला होता. बाटल्यांत बुरशी झाली होती.

आत्या : तरी म्हटलं!

भाची : आत्या, मी रोज दोनशे बाटल्यांत रोपं लावते. तिथे काडी नसतेच, नखाएवढा तुकडा असतो. तो जेलीवर ठेवायचा. जेलीत ऑक्सिन जास्त घातलं की मुळं येतात, सायटोकायनिन जास्त घातलं की कोंब येतात. वरखाली बघायची सवयच गेली माझी.

आत्या : ही दोन कोण?

भाची : संप्रेरकं. झाडाच्या आतले निरोप. एक बहुतेक शेंड्याकडून खाली येतं, दुसरं मुळांकडून वर जातं.

आत्या : वाजले किती?

भाची : तीनला पाच कमी.

आत्या : आणि तुझा बाप चारला येणार.

भाची : मला आठवण नको करून देऊस.

आत्या : अकरा वर्षांनी या फाटकातून आत येणार तो माणूस. आणि मी त्याला काय दाखवू? त्याच्या तुतीच्या चाळीस काटक्या, पाय वर करून?

भाची : आत्या, त्या कोपऱ्यात तुझी तुतीची रोपं आहेत ना? वीतभर झालीत. पानंही आलीत.

आत्या : आहेत. त्याचं काय?

भाची : एक चांगल्या कुंडीत घालू. म्हणू, तुमच्याच झाडाची, बाबा. तुती ती तुती. त्यांना काय कळणार आहे?

आत्या : तू शास्त्रज्ञ ना गं?

भाची : मी त्यांची मुलगीही आहे. तू त्यांना त्या दिवशी बघितलं नाहीस. घर विकलं तेव्हा डोळ्यात पाणी नाही की काही नाही. किल्ल्या देताना पावती मागून घेतली. आणि तिसऱ्या दिवशी नव्या मालकाने गाडी लावायला जागा हवी म्हणून तुती पाडली, हे कळल्यावर रिक्षा करून गेले. मालकाची माणसं फांद्या गाडीत भरत होती, तेवढ्यात बाबांनी जाऊन एक गठ्ठा ओढून काढला. मला म्हणाले, तिच्याकडे दे.

आत्या : तिच्याकडे.

भाची : नाव नाही घेतलं. पण दिल्या तुझ्याकडेच.

आत्या : म्हणून तर खोटं रोप देणार नाही. अकरा वर्षं मी त्याच्याशी बोलले नाही, ते काय पहिल्याच दिवशी खोटं बोलायला? आणि तो ओळखेल. त्या तुतीची फळं पांढरी होती, टोकाला जरा जांभळी. या रोपांना काळी येतात.

भाची : फळं यायला दोन वर्षं लागतील.

आत्या : आणि मी दोन वर्षं धास्तावून बसू? नको बाई. त्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या, एकदाच होतात.

भाची : बरं, मग एक उपटून बघू. काय झालंय ते तरी कळेल.

आत्या : उपट. आता काय जायचंय.

भाची : हं. खालचं टोक... मी मुळं फुटायची पावडर लावली होती ते... काळं पडलंय.

आत्या : कुजलं. शेंड्याला कशाला लावलीस पावडर? माणसाच्या डोक्याला कुणी पायाचं मलम लावतं का?

भाची : थांब थांब. वरचं टोक बघ. हात लाव. सुजलंय!

आत्या : कुठं? अगं हो. गाठ आलीय.

भाची : आणि गाठीवर काय आहे? पांढरे ठिपके. पुटकुळ्यांसारखे.

आत्या : चष्मा दे... नाही, चष्मा डोळ्यावरच आहे. अगं, ही मुळं आहेत! मुळांची तोंडं! हवेत?

भाची : हवेत. प्लास्टिकखाली दमट होतं म्हणून वाळली नाहीत. आत्या, तू मघाशी शहाणपणाने प्लास्टिक उघडलंस ना, ते आधी टाक बघू परत.

आत्या : टाकते, टाकते. पण काडी जमिनीत खुपसली एक बाजू आणि मूळ काढायला निघाली दुसऱ्या बाजूने? माती खाली, पाणी खाली, पावडर खाली. हिला कुणी सांगितलं, मुळं वर काढ म्हणून?

भाची : पेशींनी सांगितलं. ऐक. काडी म्हणजे पेशींची एकावर एक उतरंड. ऑक्सिन पेशीत शिरतं, पण बाहेर पडायची दारं बहुतेक एकाच भिंतीला असतात, बुडाकडच्या. म्हणून ते एका पेशीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं शेंड्याकडून बुडाकडे सरकत राहतं. बुडाशी साचलं की तिथल्या पेशी म्हणतात, चला, मुळं काढा.

आत्या : आणि काडी उलटी केली तर?

भाची : काडी उलटी झाली, दारं तिथंच राहिली. ऑक्सिन आता आभाळाकडे चाललं, पण गेलं बुडाकडेच.

आत्या : म्हणजे आपण दोघी चुकलो, काडी नाही चुकली.

भाची : नाही चुकली.

आत्या : बघ, तुझ्यापेक्षा तिला अक्कल आहे. चल, उठ. सगळ्या काढू. कुजलेलं टोक छाटायचं, सुलट्या करायच्या, हलक्या हाताने हं, ठिपके दुखावले तर बघ. किती वेळ आहे?

भाची : एक तास. या वेळी तिरपा काप कुठे?

आत्या : मी छाटणार, मी तुझ्या हातात देणार, आणि तू तोंड बंद ठेवून जशी दिली तशी लावणार. फोन कुठाय?

भाची : खिशात.

आत्या : त्या बादलीमागे ठेव.

भाची : आत्या, एक विचारू? अकरा वर्षं ते बोलले नाहीत, ते खरंच फक्त झाड छाटलं म्हणून?

आत्या : फक्त? तो चार दिवस बाहेरगावी गेला होता. तुती नुसती उंच उंच चालली होती, ताडासारखी. फळं सगळी वर, पाखरांना. मी करवत घेऊन गेले आणि डोक्याएवढ्या उंचीवर सरळ शेंडा उडवला. तो आला, बघितलं, आणि म्हणाला, माझं झाड मारलंस. पुन्हा या घरात कात्री घेऊन यायचं नाही.

भाची : मग तू?

आत्या : मी म्हटलं, कात्री म्हणजे मीच. ती नाही तर मी नाही. आले निघून.

भाची : पण छाटणी बरोबरच होती ना? शेंड्याचं ऑक्सिन खाली उतरत राहतं तोवर बाजूचे डोळे दबून राहतात. शेंडा उडवला की त्यांना जाग येते. झाड रुंद होतं.

आत्या : मला तुझं ऑक्सिन ठाऊक नव्हतं, काम ठाऊक होतं. आमच्या घरातही तसंच. दादा शेंडा. तो बोलायला लागला की आम्ही बाकीचे डोळे झोपलेले. ती दे इकडे, ती कुजलीय पार, टाक.

भाची : सात गेल्या.

आत्या : सात गेल्या तर गेल्या. ही बघ गंमत! हिचा मातीतला डोळा फुटलाय.

भाची : अय्या, आणि कोंब खाली न जाता वळसा घालून वर आलाय! आकड्यासारखा.

(फाटकाची कडी वाजते.)

आत्या : आला.

भाची : साडेतीनच वाजलेत!

आत्या : लिफ्टा तपासायला जायचा तेव्हाही अर्धा तास आधीच जायचा. पस्तीस वर्षं किती वॉचमन झोपेत पकडले असतील देव जाणे. केस नीट आहेत का माझे?

भाची : कपाळाला माती लागलीय.

आत्या : असू दे.

दादा : काय गं, हे काय? दोन्ही हात चिखलात?

भाची : बाबा, या ना. खुर्ची घ्या.

दादा : उभा बरा आहे. तिला विचार, डोळा कसा आहे.

भाची : ती समोरच आहे, बाबा.

आत्या : त्याला सांग, डोळा झकास आहे. नको नको ते दिसायला लागलंय.

दादा : तिला सांग, थेंब वेळेवर घालायचे. आळस करायचा नाही.

आत्या : त्याला सांग, दिवसातून चारदा घालते. गजर लावून.

भाची : मी काय टेलिफोनची तार आहे का तुमची?

दादा : काड्या कुठायत?

आत्या : दादा.

दादा : हं.

आत्या : काड्या उलट्या लागल्या.

दादा : उलट्या म्हणजे?

आत्या : शेंडा मातीत, बूड वर. एकवीस दिवस. आज दिसलं. तुला दुसऱ्याच झाडाचं रोप देऊन गप्प बसवता आलं असतं. नाही दिलं.

भाची : चूक माझी आहे, बाबा. मी लावल्या.

आत्या : दोघींची आहे. मी कापल्या त्या तिरपा काप वर धरून, हिने लावल्या तो खाली धरून. एका शब्दाने विचारलं असतं तर भागलं असतं. विचारलं नाही. आपल्या घराण्याची खोडच आहे ती.

दादा : सगळ्या मेल्या?

भाची : सात गेल्या. बाकीच्यांनी वरच्या टोकाला मुळं धरलीत. हे बघा, अंगठा फिरवा. जपून.

दादा : खरखरीत लागतंय.

भाची : तीच. काडीतल्या पेशींना मूळ आणणाऱ्या रसाची दारं एकाच बाजूला असतात. उलटं धरलं तरी रस बुडाकडेच जातो.

दादा : एकमार्गी दारं.

भाची : हो.

दादा : वीज गेली तरी?

भाची : वीज लागतच नाही... म्हणजे जिवंत पेशीला ताकद लागते, पण ती तिची तिची असते.

दादा : हं. आमच्या लिफ्टांना हे कुणी शिकवलं असतं तर मी लवकर निवृत्त झालो असतो. मध्येच अडकलेल्या माणसाला दार उघडून बाहेर काढलं की पहिला प्रश्न एकच. आपण वर आहोत की खाली? यांना विचारावं लागत नाही म्हणायचं.

आत्या : अजूनही दुसऱ्यांना सगळं लिफ्टनेच समजावतोस का रे?

दादा : आणि ही वाकडी कशाने झाली?

भाची : तिचा मातीतला कोंब फुटला आणि वळून वर आला. कोंबाच्या पेशींत पिठाचे अगदी बारीक कण असतात. ते जड, आपोआप तळाला बसतात. त्यावरून पेशीला खालची बाजू कळते. मग त्या बाजूला ऑक्सिन जास्त जमतं, तिथल्या पेशी जास्त लांब होतात आणि कोंब वर उचलला जातो.

दादा : म्हणजे ओळंबा.

भाची : काय?

दादा : दोरीला बांधलेलं वजन. लिफ्टची भिंत सरळ आहे का ते बघायला सोडतो आम्ही. हिच्या आत ओळंबा आहे.

आत्या : बरोबर बोललास बघ.

दादा : एक कळलं नाही. तिरपा काप तू वर केलास म्हणालीस?

आत्या : वर केला. नेहमीच करते.

दादा : बरोबरच केलास. पाणी साचलं तर डोकं कुजतं.

भाची : बाबा! तुम्हाला हे कुठून माहीत?

दादा : कुठून म्हणजे? मीच शिकवलंय हिला. सात वर्षांची होती. अंगणात गुलाबाच्या काड्या लावायची आणि सगळ्या उलट्या.

आत्या : सगळ्या नाही! तीन.

दादा : तीनच होत्या. मग रडायला लागली. म्हणून खूण करून दिली. तिरपं आभाळाकडे, सरळ मातीकडे.

भाची : म्हणजे मूळ चूक तुमची, बाबा.

दादा : असं दिसतंय खरं.

आत्या : तुला आठवतंय ते?

दादा : मला सगळं आठवतं. तेच तर दुखणं आहे.

आत्या : बस ना. किती वेळ उभा राहशील? गुडघा दुखत असेल.

दादा : बसतो. एक सांगायचं राहिलंय.

आत्या : सांग.

दादा : तू ते झाड छाटलंस ना, त्याच्या पुढच्या हंगामात ते असं सुटलं चहूबाजूंनी. मी पहिल्यांदा शिडी न लावता तुती काढल्या. भांडंभर. दुसरं भांडं आणावं लागलं.

आत्या : मग सांगितलं का नाहीस?

दादा : फोन उचलला होता.

आत्या : मग?

दादा : ठेवला. वाटलं, तू म्हणशील, बघ, मी म्हटलं नव्हतं?

आत्या : म्हटलंच असतं.

दादा : ते माहीत होतं म्हणूनच ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा उचलला. मग दरवर्षी तुती पिकल्या की एकदा उचलायचो. दहा हंगाम झाले.

आत्या : आणि मी दहा वर्षं त्या दिवसांत बाहेर पडायचे नाही. उगाच फोनच्या आसपास साफसफाई करत बसायचे. म्हणायचे, आता तुती पिकल्या असतील.

भाची : कमाल आहे तुमची! एका शब्दाने विचारलं असतं तर...

आत्या : गप गं. मघाशी मीच बोलले ते.

दादा : मला यातली एक दे. घरी नेईन म्हणतो. चौथ्या मजल्यावर गॅलरीत ऊन येतं, सकाळी दोन तास.

आत्या : दोन तास पुरेत आत्ता. पण आज नाही मिळणार. आत्ताच सुलट्या केल्यात, महिनाभर हलवायच्या नाहीत. चांगली सरळशी बघून ठेवते तुझ्यासाठी.

दादा : ती आकडेवाली ठेव.

आत्या : ती? वाकडी आहे रे. कुंडीत चांगली दिसायची नाही.

दादा : पस्तीस वर्षं सरळ भिंतीच बघितल्या. ती ठेव. आणि खूण कर तिच्यावर, नाहीतर ही बदलेल.

भाची : बाबा!

दादा : तू दुसऱ्या झाडाचं रोप देणार होतीस. तुझ्या आत्याने नाही सुचवलं ते, तिला ओळखतो मी.

भाची : ...चहा टाकते मी.

आत्या : टाक. आणि हात धू आधी. दादा, हे धर. सुतळीचा तुकडा आहे, तूच बांध खूण. माझे हात चिखलाचे आहेत.

दादा : कुठल्या बाजूला बांधू?

आत्या : वरच्या.

दादा : वरची कुठली? आता तुम्ही इतक्या वेळा उलटसुलट केल्यात.

आत्या : अंगठा दे. हा वण लागला? त्याच्या वर डोळा. लागला?

दादा : लागला.

आत्या : तिकडे आभाळ.

दादा : बांधली. आता महिन्याने नेतो. मग ती वाढेल. कंबरेएवढी झाली की शेंडा खुडावा लागेल ना?

आत्या : लागेल. नाहीतर गॅलरीचं छत फोडेल.

दादा : ते मला जमायचं नाही. जीव होत नाही. तूच ये तेव्हा.

आत्या : येईन.

दादा : कात्री घेऊन ये. माझ्याकडे नाही.